जपानीचं दुसरं वर्ष, म्हार्दोळ ते पणजी

जूनच्या पहिल्याच शनिवारी पणजीतल्या जपानीच्या वर्गात सेनसेईंनी, म्हणजे आमच्या बाईंनी, प्रत्येकाच्या हातात एकेक कागद ठेवला. दुसऱ्या वर्षी आमच्याकडून काय हवंय, ते त्यावर इंग्रजीत लिहिलं होतं. दर आठवड्याला दहा कांजींची (चिनी लिपीतून घेतलेल्या चिन्हांची) चाचणी, वर्षअखेरीस पहिल्या वर्षाच्या धरून तीनशेच्या आसपास कांजी, महिन्यातून एकदा कागद न बघता पाच मिनिटं बोलायचं आणि डिसेंबरात जेएलपीटीची, म्हणजे जपानी भाषेच्या प्रावीण्य परीक्षेची, एन-फोर पातळी. सगळ्यात खाली एक ओळ होती: रोमन अक्षरांत लिहिलेलं काहीही तपासलं जाणार नाही.

मी तेव्हा अकरावीत होते. पहिल्या वर्षी जपानीच्या दोन अक्षरमाला, 46 हिरागाना आणि 46 काताकाना, गिरवून गिरवून बोटं दुखली होती, त्यामुळे अवघड भाग संपला असं मी मनाशी धरून चालले होते. अक्षरं यायला लागली की भाषा आपोआप येते, असं मला कुणी सांगितलं होतं देव जाणे.

जुलैतच 'ते' रूप आलं. पहिल्या वर्षी क्रियापदाच्या शेवटी सरसकट 'मासु' लावून आमचं भागत होतं. आता त्याचं मूळ रूप उघडायचं आणि शेवटचं अक्षर बघून बदलायचं. काकु (लिहिणे) चं काइते, ओयोगु (पोहणे) चं ओयोइदे, मात्सु (वाट बघत थांबणे) चं मात्ते, योमु (वाचणे) चं योन्दे. योबु म्हणजे बोलावणे, त्याचंही योन्देच. आणि इकु (जाणे) चं नियमाने इइते व्हायला हवं, ते होतं इत्ते. का, तर अपवाद. पहिल्या चाचणीत मला वीसपैकी सात मिळाले. सेनसेईंनी लाल शाईने फक्त 'मो इचिदो' लिहिलं, म्हणजे 'पुन्हा एकदा'.

नियम मी पाठ केले, पण वाक्यात ते रूप कुठे लावायचं तेच कळेना. आमचा वर्ग इंग्रजीतून चालायचा, कारण कोकणी, हिंदी, मराठी सगळ्या घरांतली मुलं होती. वहीत मी 'ताबेते मिरु' समोर इंग्रजीत 'खा आणि पाहा' अशा अर्थाचं काहीतरी लिहून ठेवलं होतं आणि त्यातला 'पाहा' मला छळत होता. खाताना बघायचं काय? एका रविवारी स्वयंपाकघराच्या दारात बसून तेच घोकत होते, तेवढ्यात आजीने खतखत्याची वाटी पुढे केली. "खाऊन बघ गो, मीठ पुरे का?"

ताबेते मिरु. खाऊन बघणे.

त्या दिवशी सगळ्या इंग्रजी नोंदींवर काट मारली. 'ते' म्हणजे आपलं 'ऊन', एवढं धरलं की पुढचं सुटत गेलं. 'ओकु' म्हणजे ठेवणे, म्हणून 'शिते ओकु' म्हणजे करून ठेवणे. 'मोत्ते कुरु' म्हणजे घेऊन येणे. 'ताबेते शिमाउ' म्हणजे खाऊन टाकणे. 'सुवात्ते इमासु' म्हणजे 'बसलाय'. इंग्रजीतून गेलं की 'बसतोय' होतं आणि मग सगळी गडबड. 'आईने केलेली आमटी' हे तर शब्दाला शब्द लावून 'हाहा गा त्सुकुत्ता' आणि पुढे आमटी, क्रम बदलायचीसुद्धा गरज नाही. 'पाऊस पडेल असं वाटतं' मधल्या 'असं'च्या जागी त्यांचा 'तो'. घरातून निघताना जपानी माणूस 'इत्ते किमासु' म्हणतो. जाऊन येतो. आमच्या आजीसमोर 'जाते' म्हटलेलं चालत नाही, 'येते म्हण' असं ती उंबऱ्यावरच अडवते, तिला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे शहाणी माणसं आहेत."

पण मराठी सगळीकडे कामाला येत नाही. 'पणजीत राहते' आणि 'पणजीत शिकते', आपल्याला दोन्हीकडे एकच 'त'. जपानीत राहण्याला 'नि' आणि शिकण्याला 'दे'. नुसतं असणं असेल तर 'नि', तिथे काही करणं असेल तर 'दे', हे मला झोपेतही सांगता येतं. लिहिताना मात्र हात चुकतोच. देण्याघेण्याचंही तसंच. मी दुसऱ्याला दिलं तर 'आगेरु', दुसऱ्याने मला दिलं तर 'कुरेरु'. आपल्याकडे देणारा कुणीही असो, देणं एकच.

बोलण्याच्या परीक्षेत माझी फजिती झाली ती ऱ्हस्व-दीर्घापायी. विषय होता 'माझं गाव'. घराजवळ मोठी इमारत झालीय, असं सांगायचं होतं. इमारतीला 'बिरु' म्हणतात आणि बीअरला 'बीरु'. शाळेत ऱ्हस्व-दीर्घाचे मार्क कापले तरी आपण बोलताना कुठे ते पाळतो? मी ठासून 'बीरु' म्हटलं, वर 'ओओकी' म्हणजे मोठी. सेनसेई अगदी गंभीरपणे म्हणाल्या, "इकुरा देसु का?" कितीला आहे? मला प्रश्नच कळला नाही, सगळा वर्ग हसत होता.

कांजीसाठी चौकटीची वही हवी होती. आम्ही गणिताच्या वह्या आणल्या, त्या चालल्या. माझा अर्धा अभ्यास म्हार्दोळच्या थांब्यावर झाला. 'थांबणे' आणि 'हातात धरणे' ही दोन चिन्हं मी महिनाभर उलटसुलट लिहीत होते. दोन्हींच्या उजव्या बाजूला एकच चिन्ह, त्याचा अर्थ देऊळ. डावीकडे हात असला तर धरणे, पावलाची खूण असली तर थांबणे. महालसेच्या देवळाजवळ रोज पंचवीस मिनिटं बसची वाट बघणाऱ्या मुलीला हे सांगायची गरज पडू नये, पण पडली. त्यानंतर ते चिन्ह चुकलं नाही. डावीकडे सूर्य घातला की 'वेळ' होते, ते त्यातच फुकट मिळालं.

बस बाणस्तारीचा पूल ओलांडून जुन्या गोव्यात शिरली की मला एक गोष्ट हटकून आठवायची. 1548 साली आंजिरो नावाचा जपानी माणूस इथे येऊन शिकला, पुढच्या वर्षी सेंट फ्रान्सिस झेवियर त्याला बरोबर घेऊन जपानला गेले. नंतर रोमला जाऊन परतणाऱ्या जपानी मुलांपैकी हारा मार्तिनो याने 1587 मध्ये गोव्यात लॅटिनमधून भाषण केलं. निघाला तेव्हा तो माझ्यापेक्षाही लहान होता. लॅटिन! त्याच्यासमोर माझे पाच मिनिटांचे रडगाणे काय सांगायचे. बरं, पोर्तुगीज तिकडेही पोचलेच होते, म्हणून जपानीत पावाला 'पान' म्हणतात. सकाळी पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंपू वाजला की मी आईला 'पान आलं' म्हणायचे, तिला वाटायचं विड्याचं.

चवथीत, म्हणजे गणपतीतही, वर्ग बंद नव्हता, फक्त चाचणी पुढे ढकलली. एवढीच दया.

परीक्षेसाठी मी पुण्याचं केंद्र घेतलं, कारण तिथे मावशी राहते. डिसेंबरचा पहिला रविवार, आदल्या रात्रीची स्लीपर बस. 180 पैकी 90 हवेत, शिवाय व्याकरण-वाचनात 120 पैकी 38 आणि ऐकण्यात 60 पैकी 19, कुठेही कमी पडलात तर नापास. ऐकण्याचा भाग एकदाच वाजतो. तिसऱ्या प्रश्नाला पुढच्या बाकावरची मुलगी शिंकली आणि ते उत्तर मी देवावर सोडलं.

मला 101 मिळाले, त्यात ऐकण्यात 24. सेनसेईंनी निकाल बघितला, 'योकात्ता' (बरं झालं) म्हणाल्या आणि माझी शेवटची वही पुढे सरकवली. पहिल्याच पानावर 'पणजीत शिकते' लिहिताना मी 'नि' लावला होता. त्याभोवती लाल गोल, खाली तेच दोन शब्द. मो इचिदो.