तुम्ही विचारलंत म्हणून: ही गाडी पळत का नाही?

“हाई गाडी पयत नही का, ताई?”

लळिंग किल्ल्याच्या वाटेवर बकऱ्या चारणाऱ्या एका मुलाने मला हे विचारलं, त्याला आता चार वर्षं झाली. नंतर हाच प्रश्न बँकेतल्या सहकाऱ्यांनी विचारला, भाच्यांनी विचारला, किल्ला बघायला येणारी कॉलेजची पोरं तर दर रविवारी विचारतात. त्यांचं बरोबरच आहे. रिमोटची गाडी म्हटली की ती सुसाट सुटायला हवी. माझी जीप मात्र एका धोंड्यापुढे दहा-दहा मिनिटं उभी असते, बोटभर पुढे, बोटभर मागे, आणि मी शेजारी उकिडवी बसून तिच्या चाकाकडे बघत असते. त्या मुलाला मी म्हटलं, “ती चढायची गाडी आहे रे, पळायची नाही.” त्याचं समाधान झालं नाही आणि माझंही झालं नाही. म्हणून आज सविस्तर सांगते.

या गाडीला क्रॉलर म्हणतात. माझी खऱ्या जीपच्या एक दशांश मापाची आहे, जवळजवळ दोन फूट लांब आणि वजनाला तीन किलोच्या आसपास. हे माप ध्यानात घेतलं की बाकीचं उलगडतं. ज्या फूटभर दगडावर आपण सहज पाय टाकून पुढे जातो, तो तिच्या हिशेबात दहा फुटांचा कडा असतो. धुळ्याहून मालेगावकडे निघालं की आठ-दहा किलोमीटरवर महामार्गालगत लळिंगचा डोंगर लागतो. वर फारुकींच्या काळातला किल्ला, खाली गावात महादेवाचं जुनं देऊळ. चालत्या माणसाला ती चढण फार नाही. माझ्या गाडीला अर्धी वाट चढायला अख्खी सकाळ लागते.

अप्पांचं ट्रॅक्टरचं गॅरेज होतं, त्यामुळे या गाडीची मुख्य खुबी मला लगेच कळली. ट्रॅक्टरचं एक चाक चिखलात रुतलं की ते जागच्या जागी गरगर फिरतं आणि कोरड्यावरचं चाक ढिम्म हलत नाही. मग ड्रायव्हर डिफरन्शियल लॉकचं पेडल दाबतो, दोन्ही चाकं बरोबरीने फिरायला लागतात आणि ट्रॅक्टर निघतो. माझ्या क्रॉलरमध्ये हे लॉक पुढच्या आणि मागच्या दोन्ही अॅक्सलना कायमचं आहे. एक चाक हवेत लटकलं तरी उरलेली तीन ओढत राहतात. याची भरपाई वळताना करावी लागते. वळायला जागा जास्त लागते, अरुंद वाटेवर दोनदा मागे-पुढे घेतल्याशिवाय वळण निघत नाही. मोटरही निराळी. शर्यतीच्या गाडीच्या मोटरीत तारेचे वेढे थोडे असतात, क्रॉलरच्या मोटरीत ३५, ४५, अगदी ५५ सुद्धा. वेढे वाढले की फेरे कमी होतात आणि गाडी मुंगीच्या चालीने, झटका न देता सरकते. रिमोटवरचं बोट सोडलं की ब्रेक आपोआप लागतो, उभ्या चढावर गाडी असेल तिथे थांबते. मला तिच्यातलं हेच सगळ्यात आवडतं. अर्ध्या चढावर थांबून विचार करता येतो.

विचार करायचा तो दगडाचा. साधारण सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरावर थर साचून दख्खनचं पठार झालं, हे आपण शाळेत शिकतो आणि विसरतो. क्रॉलर चालवायला लागल्यावर तो धडा माझ्या बोटांना समजला. या वाटेवर तीन तऱ्हेची जमीन आहे. घट्ट काळा पाषाण, त्यावर मऊ रबराचं टायर चिकटून बसतं. मुरूम, तो चाकाखालून वाहून जातो, तिथे कितीही ताकद लावली तरी गाडी स्वतःचाच खड्डा खणते. तिसरा प्रकार सगळ्यात फसवा, गोल धोंडे. आमचा बेसाल्ट झिजतो तो कांद्यासारखा, एकावर एक पापुद्रे सुटत. वरून धोंडा अखंड दिसतो, चाकाचा भार पडला की वरची कवची निसटते आणि गाडी कुशीवर पडते. पूर्वी याच वाटेने मी पन्नासदा गेले असेन, पण कुठला धोंडा जिवंत आणि कुठला सुटलेला, हे मला एकदाही दिसलं नव्हतं. आता गाडी नसतानाही दिसतं.

या छंदातली माणसं अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या मोआबचं नाव फार घेतात. तिथल्या वाळवंटातल्या पायवाटांवर वालुकाश्म आहे, सॅंडपेपरसारखा खरखरीत. त्यावर टायर भिंतीवरच्या पालीसारखं धरून राहतं. आमच्याकडे वैशाखात डोंगर तितकेच उघडेबोडके होतात, पण बेसाल्ट तसा नाही. पावसाच्या ओघळात तो गुळगुळीत होतो, आणि वर धुळीचा थर बसला की चाक घसरतंच. म्हणून मोआबच्या व्हिडिओत बघितलेली युक्ती लळिंगला जशीच्या तशी लागू पडत नाही. इथली इथेच शिकावी लागते.

त्या वाटेवर एका वळणाला दगडाची पायरी आहे. मापून बघितली, अकरा इंच. ही पायरी चढायला मला दोन हिवाळे लागले.

पहिल्या हिवाळ्यात मी तिला सरळ भिडत होते. पुढची दोन्ही चाकं एकदम पायरीला लागायची, नाक वर उचललं जायचं आणि गाडी मागे उलटायची. अप्पा एकदा बरोबर आले होते. गुडघ्यांमुळे ते फार चढत नाहीत, तिथपर्यंत मात्र आले. शांतपणे पाच-सहा वेळा गाडी उलटताना बघितली आणि म्हणाले, “पोरी, नाक हलकं आहे. ट्रॅक्टरला पुढे वजनं का लावतो आपण?” खरंच होतं. मी बॅटरी पुढे सरकवली, आणि वजन चाकांपाशी, जितकं खाली जाईल तितकं खाली न्यायचं ठरवलं. बाजारात त्यासाठी पितळेचे तयार भाग मिळतात. पितळ अॅल्युमिनियमच्या तिपटीहून जड, म्हणून लहानशा जागेत भरपूर वजन बसतं. पण आपल्या जिल्ह्यात सोनगीर असताना पितळ बाहेरून कशाला मागवायचं? तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी सगळ्या खानदेशात नाव असलेलं गाव ते. तिथल्या एका कारागिराकडे मी कागदावर चित्र काढून घेऊन गेले. हंडे-घागरी घडवणाऱ्या त्या काकांनी पितळेच्या चार जाड कड्या करून दिल्या, आणि पैसे घेण्याआधी गाडी चालवून दाखवायला लावली. दुकानाच्या उंबऱ्यावरून ती चढली तेव्हा ते जे हसले, ते मला अजून आठवतं.

वजन पुढे आलं तरी पायरी चढेना. मग कळलं की चूक माझ्या वाटेत होती. गाडी तिरपी घ्यायची होती. डाव्या कडेला दगडात एक बोटभर खाच आहे. आधी डावं पुढचं चाक त्या खाचेत टेकवायचं, थांबायचं, मग उजवं वर घ्यायचं. एका वेळी एकच चाक, बाकीची तीन जमिनीला धरून. तिरपं चढताना गाडी कलंडायला लागली की घाबरून चढाकडे वळवू नये, उताराकडे वळवावी, म्हणजे ती सावरते. हे मनाला पटायला वेळ लागतो, कारण हात आपसूक उलट दिशेला जातो. दुसऱ्या हिवाळ्यात, जानेवारीतल्या एका सकाळी, मागचं उजवं चाक शेवटी वर आलं. आजूबाजूला कुणीच नव्हतं. मी तिथेच बसून डब्यातली कळण्याची भाकरी आणि ठेचा खाल्ला, आणि अप्पांना फोन केला.

चालवायचे दिवस आमच्याकडे मोजकेच. पावसात काळी माती टायरच्या खाचांत अशी भरते की चाकाचा लाडू होतो. पाऊस सरला की कुसळ. त्याची टोकं शाफ्टभोवती पिळा घालतात आणि पार बेअरिंगपर्यंत शिरतात, घरी आल्यावर चिमट्याने एकेक काढावं लागतं. दिवाळी ते होळी हा खरा हंगाम. उन्हाळ्यात पारा ४४-४५ला टेकतो, तेव्हा पहाटे निघून नऊच्या आत परत यायचं. एका मे महिन्यात लिथियमची बॅटरी मी बंद कारमध्ये तासभर विसरले. आले तेव्हा ती उशीसारखी फुगली होती. अशी बॅटरी पेट घेऊ शकते, म्हणून ती लगेच वाळूच्या कुंडीत, घरापासून लांब ठेवली. तुमच्या घरी मुलांसाठी अशी गाडी आणणार असाल तर बाकी काही विसरा, हे विसरू नका. चार्ज होत असताना तिच्यापाशी कुणीतरी हवं, उन्हात ती ठेवू नये, आणि फुगलेली पुन्हा कधी वापरू नये.

आणखी काही गोष्टी मी पाळते. वाटेवरचा दगड गाडीसाठी हलवत नाही. हलवला तर चढलं कोण, मी की माझा हात? माणूस आला की गाडी उचलून कडेला होते, कारण वाट आधी त्याची. तटबंदीशी पोचले की गाडी हातात घेते. जुन्या बांधकामावर, कोरीव टाक्यांच्या काठावर चाक लावत नाही. गौताळ्याच्या अभयारण्यात, पाटणादेवीकडे, जाते तेव्हा ती घरीच असते.

वर पोचल्यावर मी गाडी बंद करते आणि बराच वेळ बसते. धुळे-नंदुरबारच्या माळावर काळ्या दगडाच्या लांबच लांब भिंती उभ्या असतात, बहुतेक पूर्व-पश्चिम पसरलेल्या. कुणी बांधलेल्या नाहीत त्या. जमिनीला गेलेल्या भेगांत लाव्हा भरून थिजला, आजूबाजूचा मऊ खडक झिजून गेला आणि भेगेतला कठीण दगड उभा राहिला. भूगोलात त्यांना भित्ती म्हणतात. पूर्वी एसटीच्या खिडकीतून मला ते नुसते डोंगर वाटायचे. आता बघताना कुठे पापुद्रा असेल, कुठे चाक धरेल, असंच मन चालतं.

तो बकऱ्यांवाला मुलगा आता मोठा झालाय. परवा भेटला तेव्हा त्यानेच बातमी दिली. यंदाच्या पावसात वळणावरचा मुरूम वाहून गेला, पायरी आणखी दोन बोटं उंच झालीय आणि डाव्या खाचेखालचा धोंडा सुटलाय. उजवीकडे एक नवी फट पडलीय म्हणाला, तिथून निघेल बहुतेक. या रविवारी पहाटे तो येणार आहे, बकऱ्या भावाकडे सोपवून. रिमोट आधी त्याच्या हातात देणार आहे.