मोफत कोर्स आणि शेजारचं माणूस

"व्हिडिओ थांबवता येतो गं, पण हात वर करून काही विचारता येत नाही." लॅपटॉप मिटता मिटता मैत्रीण आज सहज बोलून गेली. दिवसभर तेच डोक्यात आहे.

संख्याशास्त्राचा मोफत ऑनलाइन कोर्स. शिकवणारे उत्तम, हिची चिकाटीही दांडगी. एका पायरीवर ‘हे असंच का?’ एवढंच विचारायचं होतं. समोर कोणीच नव्हतं. तिथेच सुटलं.

2012 साली अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाने इलेक्ट्रॉनिक्सचा कोर्स असाच सगळ्या जगाला खुला केला. सुमारे 1,55,000 जणांनी नावं नोंदवली, उत्तीर्ण झाले 7,157. त्यात मंगोलियातला 15 वर्षांचा एक मुलगा होता, पैकीच्या पैकी गुण मिळवणारा! केवढी आशा वाटते हे वाचून. पण त्याच्या शाळेचे मुख्याध्यापक स्वतः एमआयटीत शिकलेले होते, हेही त्याच गोष्टीत येतं आणि बहुतेक वेळा सांगायचं राहून जातं.

गळालेल्यांत नुसतं डोकावायला आलेलेही पुष्कळ असणार, त्यात काही वाईट नाही. मला काळजी वाटते ती मनापासून शिकायला बसलेल्यांची.

इतकं चांगलं शिकवणं फुकट मिळतंय, हे मला आजही विलक्षण वाटतं. पण आठवड्यातून तासभर शेजारी बसणारं माणूस कुठून आणायचं? तुमच्यापैकी कोणी असं कोणाजवळ बसलंय का?