शांत झालेली दाढ

दाढ दुखते ती रात्रीच. दिवसा, दवाखाने उघडे असताना, ती भिडस्तासारखी गप्प असते. जेवणं आटोपून अंग गादीला टेकलं की तिला कंठ फुटतो. आडवं झालं की डोक्याकडे रक्ताचा जोर वाढतो, आत नस सुजलेली आणि भोवती हाडाहून टणक भिंती. सुजायला जागाच नाही. अर्थात हे मला नंतर कळलं. त्या रात्री मी फक्त डबे उघडून लवंग शोधत होतो.

लवंगेनं जरा बधिर होतं, हे खरं. तिच्यातलं युजेनॉल दंतवैद्यही वापरतात. आजीचा उपाय मात्र मिश्रीचा. तव्यावर तंबाखू काळी होईस्तोवर भाजायची, कुटायची आणि सकाळी पायरीवर बसून बोटानं निवांत घासत राहायचं. दात काळे पडले, हिरड्या सुटल्या, तलफ लागली ती शेवटपर्यंत. एकेक दात हलला, मिश्रीवरचा विश्वास काही हलला नाही.

चौथ्या दिवशी माझा ठणका आपोआप थांबला. लवंगेचं माहात्म्य मी दोन महिने सांगत फिरलो. मग हिरडीला गळू आलं.

"तेव्हा थांबलं, कारण नस मेली," डॉक्टरीणबाई एक्स-रे उजेडाकडे धरत म्हणाल्या. वेळेत आलो असतो तर सिमेंट भरून भागलं असतं. आता रूट कॅनाल, वर कॅप. दाताच्या वरच्या कवचाला संवेदना नसते, म्हणून कीड मुकाट्यानं आत शिरते. कीड म्हणजे किडा नव्हेच. दाताला चिकटलेल्या साखरेवर जंतू जगतात, आम्ल सोडतात, त्यानं कवच विरघळतं. लाळ ते हळूहळू सावरते, पण तिला उसंत हवी. एकदाच बसून दोन लाडू खाल्लेले परवडतात, दिवसभर गोड चहाचे घोट घेतलेले नाही. मी ऑफिसात पाच कप पितो. प्यायचो.

झोपेत लाळ कमी सुटते, म्हणून रात्रीचं घासणं जास्त महत्त्वाचं. सकाळचं मी इतकी वर्षं बहुधा लोकांसाठीच करत होतो. तेही भांडी घासावीत तसं. हिरड्या मागे सरल्या त्या त्यानंच.

परवा मेहुण्याचा फोन आला. "दाजी, दाढ फार ठणकत होती. पण लवंग धरली, आता एकदम शांत!"

"शांत होऊन किती दिवस झाले?" मी विचारलं.