तुम्ही विचारलंत म्हणून: फ्रेट (जहाजाचं भाडं) नंतर, आधी क्रेट (लाकडी पेटी) मोजा

"ताई, आमची इलेक्ट्रिक स्कूटर तयार आहे, केनियाला पाठवायचीय, फ्रेट कमी कसं होईल?" हा प्रश्न मला सारखा येतो, कधी मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतून फोनवर, तर कधी दांडिया बाजारात भाजी घेताना. इतकी वर्षं बडोद्यात फॉरवर्डिंगचं, म्हणजे माल परदेशी पोचवण्याच्या व्यवस्थेचं, काम करतेय म्हणून मनापासून सांगते, रेटसाठी दहा ठिकाणी फोन फिरवण्याआधी हातात टेप घ्या.

40 फुटी हाय क्यूब कंटेनर आतून साधारण 2.35 मीटर रुंद असतो, दारात अगदी किंचित कमी. तुमचा क्रेट 80 सेंटिमीटर रुंद असेल तर तीन ओळींना 2.40 लागतात, म्हणजे बसतच नाहीत, दोनच ओळी जातात आणि उरलेल्या जागेचं भाडं तुम्ही हवेसाठी भरता. तोच क्रेट 76 चा केलात, आरसे काढून डब्यात ठेवले, हँडल सैल करून वळवलं, की तिसरी ओळ आरामात आत. दीडपट गाड्या, कंटेनर तोच! मी स्वतः शेडमध्ये गुडघ्यावर बसून सुताराबरोबर एकेक फळी मोजलीय, चार सेंटिमीटरसाठी, आणि एवढी बचत मला कुठल्याच शिपिंग लाइनच्या (जहाज कंपनीच्या) रेटमध्ये मिळाली नाही.

आता बॅटरी. बॅटरी गाडीत बसवलेली असेल तर ती पूर्वी संयुक्त राष्ट्रांच्या धोकादायक मालाच्या यादीतल्या यूएन 3171 या नंबराखाली जायची, लिथियम आयनच्या गाड्यांना आता 3556 हा वेगळा नंबर आलाय, समुद्रमार्गे तो 1 जानेवारी 2026 पासून सक्तीचा. सुटी स्पेअर बॅटरी म्हणजे 3480. दोन्ही क्लास 9, धोकादायक माल, म्हणून बुकिंगआधी लाइनची मंजुरी लागते, आणि वाटेत कोलंबोला किंवा दुबईच्या जेबेल अली बंदरात जहाज बदलणार असेल तर पुढच्या जहाजानेही हो म्हणायला हवं. हे दिवस कॅलेंडरवर धरा, नाहीतर कटऑफ, म्हणजे माल बंदरात द्यायची शेवटची वेळ, गेलाच म्हणून समजा.

एकदा अशाच स्पेअर बॅटऱ्यांची खेप बंदरावर अडकली. टेस्ट समरीवर (बॅटरीच्या सुरक्षा चाचण्यांच्या गोषवाऱ्यावर) एक मॉडेल नंबर, खोक्यावर दुसरा. का? तर पर्चेसमधल्या मुलाने स्वस्त मिळतोय म्हणून बीएमएस (बॅटरीतलं संरक्षणाचं सर्किट) बदललेला, डिझाइनवाल्यांनी नंबरापुढे एक अक्षर वाढवलं आणि एक्सपोर्टला कोणी सांगितलंच नाही. बॅटरीतलं संरक्षणाचं सर्किट बदललं की यूएन 38.3 च्या चाचण्या, म्हणजे कंपन, धक्का, शॉर्ट सर्किट, विमानाच्या उंचीवरचा कमी दाब वगैरे, पुन्हा कराव्या लागू शकतात, आणि त्यात आठवडेच्या आठवडे जातात. लाइनवाल्यांचं काही चुकलं नव्हतं. मीही तेव्हा नुसती पीडीएफ बघितली होती, खोकं बघितलं नव्हतं. तेव्हापासून खोक्याचा फोटो आल्याशिवाय मी बुकिंग टाकत नाही.

लोक म्हणतात इतकं कडक कशाला. फेब्रुवारी 2022 मध्ये अटलांटिकमधल्या अझोर्स बेटांजवळ 'फेलिसिटी एस' हे जहाज पेटलं, सुमारे 4000 गाड्या घेऊन, आणि 1 मार्चला बुडालं. आग कशामुळे लागली यावर वाद आहे, पण त्यात इलेक्ट्रिक गाड्याही होत्या, आणि लिथियमची आग भर समुद्रात विझवायची म्हणजे काय, ते जहाजावरच्या माणसांना विचारा.

मग कोणी बीवायडी या चिनी गाडी कंपनीचं उदाहरण देतं. अहो, त्यांचं 7000 गाड्यांचं रो-रो जहाज (ज्यात गाड्या चालवतच आत नेतात) जानेवारी 2024 मध्येच निघालं, आणि आपल्याकडे मारुतीनेही ऑगस्ट 2025 मध्ये पिपावाववरून 2,900 च्या वर ई-विटारा युरोपला धाडल्या. तेवढे आकडे असतील तर रो-रोचा विचार करा, शंभर स्कूटरना कंटेनरच.

आणि केनियानंतर युरोप मनात असेल तर 18 फेब्रुवारी 2027 पासून तिथे अशा बॅटऱ्यांना डिजिटल पासपोर्ट लागणार, क्यूआर कोड लावून. तो कोड केसिंगवर कुठे बसेल ते आत्ताच ड्रॉइंगमध्ये घाला, आणि मोल्डची ऑर्डर देण्याआधी एकदा ते ड्रॉइंग मला पाठवा.