नवी डिस्क बसवूनही फाइल खराब होत असतील तर

फाइल खराब निघाली की पहिला संशय हार्ड डिस्कवर जातो आणि बहुतेक वेळा तो खराही ठरतो. पण नवी डिस्क बसवूनही तोच प्रकार सुरू राहिला, तर आणखी एक डिस्क विकत घेण्याआधी मदरबोर्डवरील चिपसेट, म्हणजे प्रोसेसर आणि डिस्क यांच्यात माहितीची ने-आण करणारी चिप, तपासावा, असे मी आग्रहाने सांगेन. जळगाव-भुसावळ पट्ट्यात अनेक स्टुडिओ आणि केळी व्यापाऱ्यांची कार्यालये जुन्या, सेकंडहँड संगणकांवर चालतात आणि त्यांचे सारे हिशेब, सारे फोटो त्यांतच असतात.

फैजपूरच्या एका छायाचित्रकाराकडे हळदीच्या फोटोंचा वरचा अर्धा भाग स्वच्छ, तर खालचा गुलाबी-हिरव्या पट्ट्यांनी भरलेला दिसत होता. तेच फोटो मेमरी कार्डावर मात्र उत्तम होते. "भाऊ, डिस्क तर गेल्याच महिन्यात बदलली," असे ते सांगत होते. डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवते, त्या स्मार्ट अहवालात खराब सेक्टर शून्य होते आणि केबलवरील चुका मोजणारा १९९ क्रमांकाचा सीआरसीचा आकडाही हलत नव्हता. अशा वेळी सगळे ठीक असल्याचा समज होतो, तो धोकादायक आहे. सीआरसी म्हणजे माहितीसोबत पाठवलेला पडताळणीचा आकडा; त्याची राखण फक्त चिपसेट ते डिस्क एवढ्याच वाटेवर असते. माहिती त्याआधीच, चिपसेटच्या आत बिघडली, तर त्या बिघडलेल्या माहितीचाच सीआरसी काढला जातो आणि डिस्क ती बिनतक्रार जपून ठेवते. विहिरीचे पाणी गोड असूनही मधल्या पाइपात घाण शिरावी, तसे हे आहे.

म्हणून रॅमपेक्षा मोठी एक फाइल घेऊन तिचा चेकसम, म्हणजे फाइलमधल्या साऱ्या माहितीवरून निघणारा ओळख-आकडा, काढावा, ती कॉपी करावी आणि कॉपीचा चेकसम पडताळावा. फाइल लहान असेल, तर ती डिस्कऐवजी रॅममधूनच पुन्हा वाचली जाते आणि दोष लपतो. चेकसम जुळला नाही, तर दोन्ही फाइलींतले बाइट शेजारी ठेवून पाहावेत. कुठे तरी एखादाच बिट उलटलेला असेल, तर आधी रॅमवर संशय घ्यावा व रॅम तपासणारी मेमटेस्ट रात्रभर चालवावी. सलग ठोकळेच्या ठोकळे चुकीचे किंवा जुन्याच माहितीचे असतील, तर संशय चिपसेटकडे झुकतो. मग डिस्क जोडण्याचे वेगळे साटा कार्ड प्रोसेसरला थेट जोडलेल्या लांब स्लॉटमध्ये लावून तीच चाचणी करावी. लहान स्लॉट बहुधा चिपसेटमधूनच जातात, त्यामुळे तिथे कार्ड लावून काही सिद्ध होत नाही.

असे दोष पूर्वीही मोठ्या प्रमाणावर निघाले आहेत. २००१ साली व्हीआयए कंपनीच्या ६८६बी साउथब्रिजवर (चिपसेटचा डिस्क सांभाळणारा भाग), विशेषतः साउंड ब्लास्टर लाइव्ह कार्ड असताना, एका आयडीई (डिस्क जोडण्याची जुनी पद्धत) चॅनेलवरून दुसऱ्यावर मोठ्या फाइल नेताना माहिती बिघडत असे. त्यावर बायोस (मदरबोर्डवरचे मूळ सॉफ्टवेअर) आणि ड्रायव्हरचे उपाय आले. ३१ जानेवारी २०११ रोजी इंटेलने ६ मालिकेतील चिपसेटमधला दोष जाहीर केला. त्यात ३ गिगाबिटचे साटा पोर्ट काळानुसार कमकुवत होत, तर ० आणि १ क्रमांकाचे ६ गिगाबिटचे पोर्ट सुरक्षित होते. तो दोष सिलिकॉनमध्येच असल्याने बायोसने सुटणारा नव्हता. बी३ ही सुधारित आवृत्ती काढावी लागली. मात्र तिथे केबलवरील चुका वाढून डिस्क मंदावते वा दिसेनाशी होते, म्हणजे तो दोष आपली खूण मागे ठेवतो. गुपचूप बिघाड करणारा चिपसेट याहून घातक, असे माझे मत आहे.

आपल्याकडच्या उन्हाळ्याचाही विचार करावा लागतो. पहाटेच्या गारव्यात निर्दोष ठरलेला बोर्ड दुपारी चिपसेटचा हीटसिंक हाताला चटका देऊ लागल्यावर चुकतो, म्हणून चाचणी भर दुपारी, पंखे नेहमीसारखे ठेवूनच करावी.

दोष निश्चित झाल्यावर त्या संगणकावर काहीही लिहू नये. डिस्क काढून दुसऱ्या यंत्रावर वाचावी. त्याच बोर्डवरून घेतलेले बॅकअपही संशयास्पद समजून मूळ मेमरी कार्डाशी ताडून पाहावेत आणि ते पूर्ण होईपर्यंत एकही मेमरी कार्ड फॉरमॅट करू नये.