रेसिडेन्सी ठेवायची तर पितृपक्षात ठेवा

कलावंतांच्या रेसिडेन्सीचा, म्हणजे त्यांनी काही दिवस एका जागी राहून एकत्र काम करण्याचा, विषय निघाला की नाट्यगृहाचा व्यवस्थापक आधी बुकिंगचं रजिस्टर उघडतो. मे महिना रिकामा दिसतो, म्हणून तारखा मेमधल्या ठरतात. खानदेशात याहून वाईट महिना नाही. जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांवर गेलेला असतो, दुपारी एसीशिवाय तालीम होत नाही आणि एसीचं बिल कलावंतांच्या मानधनाशी स्पर्धा करतं. शिवाय लग्नसराई असते, म्हणजे बँडवाले आणि सनईवाले हाती लागत नाहीत.

बाहेरून येणारा नर्तक किंवा दिग्दर्शक कुठल्याही महिन्यात येईल. पण खानदेशातल्या रेसिडेन्सीला अर्थ येतो तो इथला वहीगायक (वही म्हणजे डफाच्या साथीने गायचं खानदेशी लोकगाणं), तमाशातला सोंगाड्या, सातपुड्यातला ढोलवाला त्याच्यासोबत बसतो तेव्हा. ही माणसं नुसती कलावंत नसतात, शेतकरी आणि शेतमजूरही असतात. त्यामुळे रजिस्टर बाजूला ठेवून पंचांग उघडावं. मृगापासून पेरणी, मग निंदणी-कोळपणी. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई, हा इथला घरोघरचा देवीचा उत्सव. त्या आठवड्यात घरचे रोट, म्हणजे देवीचा नैवेद्य, सोडून कोणी येणार नाही, आणि बोलावूही नये. दसऱ्याला तमाशाचे फड दौऱ्यावर बाहेर पडतात. दिवाळीच्या आगेमागे कापूस वेचणी सुरू होते. हिवाळ्यात राज्य नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी जळगाव केंद्रावर असली की थिएटर आणि प्रकाश-ध्वनीची सगळी माणसं तिकडे अडकतात. फाल्गुनात भोंगऱ्या (होळीआधीचा आदिवासी बाजार) आणि होळी, म्हणजे सातपुड्यातल्या धडगाव-अक्कलकुव्याकडचं कोणी मोकळं नाही.

उरतो पितृपक्ष. लग्नं नाहीत, उद्घाटनं नाहीत, सत्कार नाहीत. हॉल १५ दिवस ओस. कापूस अजून पुरता फुटलेला नसतो. फड दसऱ्याच्या तयारीला लागलेले असतात, म्हणजे कलावंत तसेही तालमीच्या मनःस्थितीत असतात. घरच्या श्राद्धाची एक-दोन सुट्टी आधीच वेळापत्रकात धरा, बाकी अडचण नाही. दुसरी बरी खिडकी संक्रांत ते माघी पौर्णिमा. पण त्या काळात हॉलला मागणी असते, त्यामुळे हॉलचं भाडं बुडतं म्हणून संस्था कुरकुरते.

पितृपक्षाची एकच खोड: पाऊस रेंगाळलेला असतो आणि हवा दमट. डफाचं कातडं सैल पडतं, आवाज ढब्ब येतो. डफवाला मग जाळावर डफ शेकतो. हात लांब ठेवून डफ गोल फिरवत राहायचं, मधूनमधून कडेजवळ बोटाने टिचकी मारून स्वर ऐकायचा, खणखणीत झाला की थांबायचं. एकाच जागी धरला तर कातडं तिथे कडक होऊन कडेला फाटतं. हे सगळं थिएटरच्या आत करता येत नाही, कारण धूर झाला की आगीची घंटा वाजते आणि वॉचमन धावत येतो. म्हणून तालमीच्या हॉलला लागून पत्र्याची शेड आणि पाण्याची बादली असावी. ते जमणार नसेल तर विजेचा साधा हीटर चालतो, फक्त डफ जाळीपासून हातभर लांब. दमट दिवसांत शेकलेला डफ फार वेळ टिकत नाही, म्हणून एक वाजतोय तोवर दुसरा शेकायला. प्लास्टिकच्या कातड्याचा डफ सुचवणारे भेटतील. तालमीपुरता ठीक, पण वहीच्या आवाजाला तो साथ देत नाही. आणि एसी लावायचाच असेल तर दिवसभर एकाच तापमानावर ठेवा; चालू-बंद केलात की तबलेवाल्याचा अर्धा वेळ हातोडी घेऊन गठ्ठे ठोकण्यात जातो.

हॉलची जमीन हा दुसरा मोठा खर्च, आणि नेमका तोच टाळला जातो. फरशीवर घुंगरू बांधून रोज पाच-सहा तास पाय आपटले तर आठवड्याच्या आत नडग्या दुखायला लागतात. ३० बाय ३० फूट जागा घ्या. रबराच्या तुकड्यांवर लाकडी रिपा सव्वा फुटाच्या अंतराने, त्यावर १२ एमएम प्लायचे दोन थर. वरच्या थराचे सांधे खालच्या सांध्यांवर येऊ देऊ नका. खिळे नकोत, स्क्रू मारा आणि डोकी आत बुडवा; खिळा महिनाभरात वर येतो आणि अनवाणी पायात घुसतो. चारही भिंतींपासून अर्धा इंच फट सोडा. सुतार ती हमखास बुजवतो, दिसायला बरी दिसत नाही म्हणून. मग पावसाळ्यात प्लाय फुगतो आणि मधोमध उंचवटा येतो. आदिवासी नाचाचं रिंगण मात्र या हॉलमध्ये मावत नाही. ते मैदानात.

हॉलची किल्ली कलावंतांकडे द्या. सकाळी दहा ते संध्याकाळी सहा अशी ऑफिसची वेळ लावली की रेसिडेन्सीचं शिबिर होतं. वही रात्री रंगते. रात्री १० नंतर उघड्यावर लाऊडस्पीकर चालत नाही, तेव्हा बंद हॉल किंवा बिनमाईकची बैठक ठरवा. जेवणाचंही तसंच: मेस आठला बंद होत असेल तर स्वयंपाकीणबाईंशी आधीच बोलून ठेवा, साडेदहाला भाकरी आणि शेवभाजी मिळाली पाहिजे. नंदुरबारकडून येणाऱ्यांना सुरत-भुसावळ मार्गावरची गाडी सोयीची, पण धडगावहून नंदुरबारपर्यंत घाटरस्ता आहे. येण्याचा दिवस तालमीत मोजू नका.

कर्नाटकातलं हेग्गोडूचं नीनासम ही नाट्यसंस्था १९४९ पासून एका खेड्यात उभी आहे, त्यामुळे मोठ्या शहराशिवाय हे जमत नाही ही सबब पुरे.

पैशांबद्दल थोडक्यात. मानधन शेवटच्या दिवशी पाकिटात घालून देण्याची पद्धत सोडा. दर आठवड्याला द्या, कारण घरी त्यांचा रोज बुडतोय. फडमालकाच्या हाती एकरकमी न देता प्रत्येकाच्या खात्यावर टाका. व्यावसायिक मानधनावर ठरावीक रकमेपुढे १० टक्के टीडीएस कापला जातो, पॅन नसेल तर २०. तेव्हा पॅन कार्डाची कामं महिनाभर आधी उरका. शेवटी प्रयोग झालाच पाहिजे अशी अट घालू नका. घातलीत तर तिसऱ्या दिवसापासून सगळे जुनंच पाठ केलेलं बसवायला लागतात. त्याऐवजी काम दाखवण्याची एक संध्याकाळ ठेवा, अर्धवट असलं तरी. तिकीट लावून नव्या संहितेचा प्रयोग करायचा असेल तर नाटकांच्या संहिता तपासणाऱ्या रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र लागेल, आणि १५ दिवसांत संहिता लिहून ते हाती पडेल या भरवशावर राहू नका.

करारात एक कलम कायम राहून जातं: रेकॉर्डिंग. वही एकट्या गायकाची नसते, अख्ख्या मंडळाची असते, तेव्हा सही सगळ्यांची घ्या. मोबाईलवर घेतलेलं चित्रीकरण कोण ठेवणार, यूट्यूबवर टाकायचं का, टाकलं आणि पैसे आले तर कोणाचे, पाहुण्या दिग्दर्शकाने ती चाल पुढे आपल्या नाटकात वापरली तर मंडळाचं नाव कुठे लागणार, हे मराठीत लिहा आणि सही घेण्याआधी मोठ्याने वाचून दाखवा. अहिराणी बोलणारा कोणी समजावून सांगायला असेल तर आणखी बरं.