क्लिपर ते पायथन, नोंद ४ : दहा तारखेचं कोडं

गेल्या खेपेला म्हटलं होतं, व्याजाचा भाग संपवूनच पुढची नोंद टाकीन. संपला नाही. उलट दोन पावलं मागे आलोय.

नव्यांसाठी थोडक्यात: मामानं नव्वदच्या दशकात एका नागरी सहकारी बँकेसाठी क्लिपर या तेव्हाच्या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेला बचत खात्यांचा प्रोग्राम मी पायथन या आजच्या भाषेत आणतोय. क्लिपरचा कोड आजच्या संगणकांवर चालवणाऱ्या हार्बर कंपायलरवर मूळ कोड अजून चालतो, म्हणून दोन्हींचे आकडे शेजारी ठेवून ताडता येतात. डेटा मामाच्याच चाचणीच्या फायलींतला, खऱ्या खातेदारांचा नाही.

व्याजाच्या लूपमध्ये महिन्यातली किमान शिल्लक शोधलीय, पण १० तारखेच्या आधीचे दिवस सोडून. मला वाटलं, कुणीतरी घाईत मारलेलं ठिगळ. काढून टाकलं. आठ ओळींची एक झाली, जाम बरं वाटलं. मग एक खातं ताडलं: शिल्लक २,०००, ८ तारखेला १०,००० भरलेले, वार्षिक दर ३.५ टक्के. त्या महिन्याचं व्याज मूळ प्रोग्राम म्हणतो ३५ रुपये, माझा म्हणतो ५ रुपये ८३ पैसे.

मामाला फोन लावला. तो हसायलाच लागला. ‘अरे, तुझी आजी दहाच्या आत पैसे भरायला का धावायची?’

तेव्हा बँकांचा नियमच तो होता: १० तारखेचं कामकाज संपल्यापासून महिनाअखेरपर्यंतची किमान शिल्लक, तिच्यावर व्याज. रोजच्या शिलकीवर व्याज सुरू झालं १ एप्रिल २०१० पासून. माझं पहिलं खातं त्यानंतरचं, त्यामुळे ती अट मला चूक दिसली.

दुसरा घोळ याहून लाजिरवाणा. खातेप्रकार ‘एस’ असेल तर दरात १ मिळवा, अशी ओळ होती. ‘एस’ म्हणजे सेव्हिंग्ज, आणि सगळीच खाती बचतीची, मग अट कशाला, म्हणून तीही उडवली होती. ‘एस’ म्हणजे स्टाफ! बँक कर्मचाऱ्यांना ठेवींवर एक टक्का जादा मिळतो, हेही मला मामानंच सांगितलं.

दोन्ही अटी परत आणल्यात, आता प्रत्येकीच्या डोक्यावर दोन ओळींची टीप आहे. चाचणीची ४० पैकी ३९ खाती पैशापर्यंत जुळतात. उरलेल्या एकाला मूळ प्रोग्राम व्याजच देत नाही, कारण खातेक्रमांक ९००० च्या वर आहे. मामालाही आठवेना. रविवारी त्याच्या जुन्या वह्या काढणार आहोत. तोवर ती ओळ जशीच्या तशी.